पाथरीचे 15 बाइट

गेल्या दिवाळीत पाथरीला गेले होते, तेव्हा काकांनी कपाटातून एक सीडी काढून माझ्या हातात दिली. सीडीवर स्केचपेननं लिहिलं होतं, ‘आईच्या ओव्या, 2001’. आजी जात्यावर गायची त्या ओव्या काकांनी एका वहीत उतरवल्या होत्या. मग त्या एका डीटीपीच्या दुकानातून टाइप करून घेतल्या. पुस्तक काढायचं होतं, ते राहून गेलं. पुढं आजी गेली. वही एका पावसाळ्यात भिजून लगदा झाली.

“आता हाय ते ह्याच्यातच हाय. तू काम्प्युटरचंच करतीस ना? बघ की उघडून,” काका म्हणाले.

माझ्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नाही. ओळखीतून एक बाहेरचा ड्राइव्ह मिळवला. सीडीवर दोन फायली होत्या. एक पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरची, ती उघडलीच नाही. दुसरी साधी टेक्स्ट फाइल, ती लगेच उघडली. आत रोमन अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं, डोक्यावर टोप्या घातलेले परदेशी स्वर, आणि ओळीमागून ओळी. ओव्यांसारख्याच आखूड ओळी. ओवीचा आकार दिसत होता, ओवी दिसत नव्हती.

साहित्याच्या वेबझिनमध्ये आपण कवितासंग्रहाची समीक्षा करतो, कादंबरीची करतो. आज मला पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतल्या दोन क्रियापदांची समीक्षा करायची आहे, एन्कोड आणि डिकोड. कारण तुम्ही हे वाक्य फोनवर वाचताय ते या दोन क्रिया बिनचूक झाल्या म्हणूनच. आणि आजीच्या ओव्या वाचता येत नव्हत्या, त्या या दोन क्रिया एकमेकींना अनोळखी राहिल्या म्हणून.

तीन, पाच, पंधरा

आधी एक साधा प्रयोग. ‘पाथरी’ या शब्दात अक्षरं किती? पहिलीतलं मूल सांगेल, तीन. पा, थ, री. पायथनला लांबी विचारली तर तो सांगतो 5. त्याच्या लेखी प, काना, थ, र आणि दुसरी वेलांटी अशा पाच वेगळ्या वस्तू आहेत. तोच शब्द यूटीएफ-8 मध्ये एन्कोड करून पुन्हा लांबी विचारा. उत्तर येतं 15.

तिन्ही उत्तरं बरोबर आहेत, फक्त प्रश्न वेगवेगळे आहेत. तीन हे वाचणाऱ्याचं उत्तर. पाच हे युनिकोडचं. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक चिन्हाला एक कायमचा क्रमांक द्यायचा, हे युनिकोडचं काम. पंधरा हे यंत्राच्या साठवणीचं. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, इंग्रजी अक्षराला एक. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी 1992 साली ही पद्धत आखली, ती जुन्या इंग्रजी फायली जशाच्या तशा चालाव्यात अशा बेतानं. त्या सोयीचं बिल इतर लिप्यांच्या वाट्याला आलं. आज साठवण स्वस्त आहे, त्यामुळे त्याबद्दल मी गळा काढणार नाही.

क्रमांकांचे बाइट करणं म्हणजे एन्कोड. बाइटांचे पुन्हा क्रमांक करणं म्हणजे डिकोड. पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीत मजकूर आणि बाइट यांची सरमिसळ चालायची. इंग्रजीत काम करणाऱ्याला वर्षानुवर्षं काही खटकायचं नाही, आणि मराठी नाव आलं की प्रोग्रॅम कोसळायचा. 2008 च्या अखेरीस आलेल्या तिसऱ्या आवृत्तीनं दोघांना वेगळं केलं. मजकूर वेगळा, बाइट वेगळे, आणि एकातून दुसऱ्यात जायचं तर कोणत्या करारानं ते सांगा. अनेक प्रोग्रॅमर तेव्हा वैतागले, कारण जुना कोड मोडला. मला मात्र हा निर्णय चांगल्या समीक्षकाचा वाटतो. कागदावरची शाई म्हणजे मजकूर नव्हे, हे त्यानं भाषेच्या व्याकरणातच घातलं.

करार चुकला तर काय होतं ते सगळ्यांनी कधी ना कधी पाहिलेलं असतं. ‘पाथरी’चे पंधरा बाइट विंडोजच्या जुन्या पाश्चात्त्य करारानं वाचले, तर टोपीवाला रोमन ‘ए’ पाच वेळा येतो. मधल्या ‘थ’च्या जागी येनचं चिन्ह उमटतं, ‘र’च्या जागी तापमानाचं अंश-चिन्ह. शेवटच्या वेलांटीतून येन आणि युरो शेजारी शेजारी बाहेर पडतात. हा कचरा वाटतो, पण तो कचरा नाही. बाइट सगळे शाबूत आहेत. त्याच चुकीच्या करारानं पुन्हा बाइट केले आणि यूटीएफ-8 नं वाचले, की पाथरी जशीच्या तशी परत मिळते.

‘जिल्हा’ या शब्दाचं मात्र तसं होत नाही. त्यातला ‘ल’चा पाय मोडणारं चिन्ह तीन बाइटांचं असतं, आणि त्यातल्या शेवटच्या बाइटाला त्या जुन्या करारात जागाच नाही. पायथन तिथं अडतो. म्हणजे साधी अक्षरं चुकीच्या वाटेनं जाऊनही परत येऊ शकतात, जोडाक्षर वाटेत हरवू शकतं. मराठीतून जोडाक्षरं काढून बघा काय उरतं ते.

दुर्लक्षाचं कलम

आता मला जिथं खरी तक्रार आहे, तिथं येते. एन्कोड आणि डिकोड करताना अडचण आली तर काय करायचं, हे पायथनला आधी सांगता येतं. काहीच सांगितलं नाही तर तो कडक असतो. चूक दाखवतो आणि थांबतो. ‘रिप्लेस’ सांगितलं तर अडलेल्या जागी प्रश्नचिन्ह ठेवतो. ‘इग्नोर’ सांगितलं तर अडलेलं चिन्ह गाळतो आणि पुढं जातो.

‘पाथरी’ हा शब्द फक्त इंग्रजी अक्षरं जाणणाऱ्या आस्की करारात एन्कोड करून पाहा. कडक पद्धतीत चूक येते. ‘रिप्लेस’मध्ये पाच प्रश्नचिन्हं येतात. ‘इग्नोर’मध्ये काहीच येत नाही. रिकामी जागा, शून्य बाइट. आणि प्रोग्रॅम म्हणतो, काम झालं.

कोडिंग शिकताना माझ्यासह कित्येकांनी ही युक्ती उचललेली असते. चूक आली, नेटवर शोधलं, कुणीतरी सांगितलं की ‘इग्नोर’ लावा. लावलं, चूक गेली. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी स्वतः एका पत्त्यांच्या यादीवर हेच केलं होतं. हजारो ओळी विनातक्रार पार झाल्या. ज्यांनी आपलं गाव देवनागरीत लिहिलं होतं, त्यांच्या गावाचा रकाना रिकामा झाला. मला ते तीन आठवड्यांनी कळलं, तेही एका सहकाऱ्यानं विचारलं म्हणून. चूक यंत्रानं केली नव्हती. यंत्र थांबून विचारत होतं, मी त्याला गप्प बसवलं होतं.

‘इग्नोर’ ही निव्वळ तांत्रिक सोय आहे असं मला आता वाटत नाही. जे मला वाचता येत नाही ते नव्हतंच, अशी ती भूमिका आहे. ‘रिप्लेस’ही मजकूर गमावतोच, पण निदान खूण तरी सोडतो. इथं काहीतरी होतं, एवढं तो कबूल करतो.

सगळ्याला हो म्हणणारा वाचक

सीडीवरच्या फाइलला मी आधी यूटीएफ-8 नं डिकोड करून पाहिलं. पहिल्याच ओळीत पायथन थांबला. मग लॅटिन-1 नावाच्या जुन्या कराराने पाहिलं. एकही चूक नाही, सगळी फाइल सरसर उघडली.

आणि तेव्हाच मला धोका कळला. लॅटिन-1 कधीच चूक दाखवत नाही. बाइटच्या 256 किमतींपैकी प्रत्येक किमतीला त्याच्याकडे काही ना काही चिन्ह आहे. त्याला काहीही वाचायला द्या, तो वाचल्याचं सांगतो. अशी समीक्षाही आपण वाचलेली आहे. यूटीएफ-8 नकार देतो कारण त्याच्या बाइटांच्या रचनेला नियम आहेत. ते मोडले की त्याला कळतं, हा मजकूर माझा नाही. त्या नकारातून मला पहिली खरी माहिती मिळाली. ओव्या युनिकोडमध्ये नव्हत्याच.

त्या होत्या एका जुन्या फॉन्टमध्ये. एकोणीसशे नव्वदच्या आणि त्यानंतरच्या दशकात बहुतेक मराठी छपाई अशा फॉन्टांवर चालली. युक्ती सोपी होती. संगणकाला वाटतं आपण रोमन अक्षर साठवतोय, पण फॉन्टमध्ये त्या अक्षराच्या जागी देवनागरीचा तुकडा काढून ठेवलेला. कुठं अर्धा ‘ग’, कुठं नुसता काना, कुठं रफार. ऑपरेटर ते तुकडे जोडत जायचा, अगदी खिळे जुळवल्यासारखे. भारतीय लिप्यांसाठी सरकारी मानक नव्हतं असं नाही. इस्की नावाचं मानक 1991 साली आलं होतं, पुण्यात सी-डॅक त्यावर काम करत होती, आणि युनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधीच्या रूपावर बेतलेली आहे. पण दुकानात चालले ते फॉन्ट, आणि प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा.

त्या फॉन्टांना मी नावं ठेवणार नाही. त्यांची जोडाक्षरं देखणी होती. त्यांच्यावर दिवाळी अंक निघाले, लग्नपत्रिका निघाल्या, तालुक्याची साप्ताहिकं निघाली. पण त्यांनी मजकूर साठवला नाही, मजकुराचं चित्र साठवलं. फॉन्ट आहे तोवर चित्र दिसतं. फॉन्ट गेला की रोमन अक्षरांचा ढीग राहतो. काकांनी ज्या दुकानातून टायपिंग करून घेतलं, तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळतात. फॉन्ट कुठला होता, हे सांगणारं कुणी नाही.

मराठीला सांकेतिक लिपी नवी नाही. महानुभाव पंथानं आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा लिप्यांमध्ये लिहून ठेवले. ठरलेल्या अक्षराच्या जागी ठरलेलं दुसरं अक्षर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मराठीतलं हे आद्य गद्य बाहेरच्या अभ्यासकांना बंदच होतं. पण पंथाच्या आत किल्ली शाबूत होती. ती मिळाल्यावर वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांना ते दार उघडता आलं.

म्हणजे महानुभावांनी मजकूर लपवला आणि किल्ली जपली. आम्ही मजकूर लपवायचा विचारही केला नाही, घरोघरच्या सीड्यांवर उघडा ठेवला, आणि किल्ली भंगारात दिली.

प्रुफाचं एक पान

किल्ली अर्धी मिळाली ती काकूमुळं. स्वयंपाकघरातल्या एका डब्याच्या तळाशी तिनं जुन्या प्रुफाचं एक पान घडी करून घातलं होतं. तेलाचे डाग पडलेलं, पण वाचता येणारं. त्यावर चौदा ओव्या छापलेल्या होत्या. फाइलमधल्या पहिल्या चौदा ओळींसमोर ते पान ठेवलं आणि एकेक चिन्ह जुळवत गेले. सारखं येणारं चिन्ह कुठलं? काना. ओळीच्या सुरुवातीला पुन्हा पुन्हा येणारा शब्द कुठला? ‘बाई’. काका शेजारी बसून ओवी गुणगुणायचे, मी वहीत तक्ता भरायचे.

तक्ता झाल्यावरही काम संपत नाही. जुन्या फॉन्टात चिन्हं डोळ्याच्या क्रमानं असतात. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते, म्हणून आधी साठवलेली. रफार अक्षराच्या डोक्यावर शेवटी बसतो, म्हणून नंतर साठवलेला. युनिकोड उच्चाराचा क्रम पाळतं. आधी ‘क’, मग वेलांटी. आधी ‘र’चा पाय मोडायचा, मग पुढचं अक्षर. म्हणून प्रत्येक वेलांटी उचलून मागं न्यायची आणि प्रत्येक रफार उचलून पुढं आणायचा. हे नियम लिहिताना मला पहिल्यांदा समजलं की युनिकोडनं आपल्या लिपीचं केलेलं वाचन किती नेमकं आहे. अक्षर म्हणजे आकार नव्हे, उच्चार, हे त्याला कळलं आहे.

सगळीकडं मात्र कळलेलं नाही. मराठीत ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे वेगळे शब्द. ‘आचार्यांना’ जेवायला बोलावलं की ‘आचाऱ्यांना’ स्वयंपाकाला, यात फरक आहे. हा आडवा अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये दोन वाटांनी लिहिता येतो. एका वाटेत खालच्या टिंबाचा ‘ऱ’ आणि पाय मोडायचं चिन्ह. दुसऱ्या वाटेत साधा ‘र’, पाय मोडायचं चिन्ह आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. पायथनला विचारा, हे दोन शब्द समान आहेत का? उत्तर, नाही. युनिकोडची एकसारखेपणा आणण्याची जी अधिकृत रीत आहे, ती लावूनही नाही.

पाथरी एके काळी वऱ्हाडच्या सुभ्यात होती. तो ‘वऱ्हाड’ एका वाटेनं सहा चिन्हांचा, दुसऱ्या वाटेनं सातांचा. ‘शेतकऱ्या’ एका वाटेनं आठ, दुसऱ्या वाटेनं नऊ. परभणी जिल्ह्यात कुठल्याही यादीत, अर्जात, बातमीत सगळ्यात जास्त वेळा येणाऱ्या शब्दांपैकी हा एक. एकानं एका कीबोर्डवर लिहिला आणि दुसऱ्यानं दुसऱ्या कीबोर्डवर शोधला, तर शोध साफ ‘सापडलं नाही’ म्हणू शकतो. हे दोष दाखवून दुरुस्त करता येतात. ॲप, ॲसिड यांतला ‘ॲ’ युनिकोडमध्ये स्वतंत्र चिन्ह म्हणून 2008 साली आला. मोडी लिपी 2014 साली आली. कुणीतरी चिकाटीनं प्रस्ताव लिहिले म्हणून आली. आपण मात्र शोध लागला नाही की ‘मराठीत कुणी लिहितच नाही’ म्हणून मोकळे होतो.

पुढचा वाचक

ही एका घरातल्या सीडीची हळहळ आहे, असं कुणी म्हणेल. पण पाथरीत बसून असं म्हणणं अवघड आहे. हा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. सरकारी कागद उर्दूत, त्याआधीचे आणि खासगी कितीतरी मोडीत. 2023 साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीनं मराठवाड्यातल्या निजामकाळातल्या कुणबी नोंदी तपासायला घेतल्या, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकाएकी किंमत आली. मागणी कुणाची बरोबर, हा वाद वेगळा. माझा मुद्दा एवढाच की एका मुलाचा दाखला कुणाच्या तरी वाचता येण्यावर अडलेला असू शकतो. मोडी वाचणारी माणसं थोडी का होईना, आहेत. 2001 सालचा निनावी फॉन्ट वाचणारं कोण असणार आहे? त्या काळात टाइप झालेले ग्रामपंचायतींचे ठराव, शाळांची स्मरणिका, बंद पडलेली साप्ताहिकं अशा कितीतरी गोष्टी त्याच ढिगात आहेत. आणि कागद जाळला की राख तरी दिसते. फाइल आहे, उघडते, फक्त तिचं काही होत नाही.

म्हणून या दोन क्रियापदांवरचं माझं मत असं. एन्कोड ही क्रिया लिहिणाऱ्याची जबाबदारी आहे, डिकोड ही वाचणाऱ्याची. आपल्याकडं पहिली जबाबदारी घेतलीच जात नाही. फाइल उघडताना आणि साठवताना कोणत्या करारानं, हे दोन शब्दांत लिहिता येतं. ते लिहायचा कंटाळा हा पुढच्या वाचकाचा अपमान आहे. घरात जुन्या फॉन्टातलं काही असेल तर आत्ता बघा. छापलेलं एखादं पान जवळ असतानाच तक्ता करा. पान गेलं की तक्ता करायला आधार उरत नाही.

आजीच्या ओव्या निघाल्या. दोनशेच्या वर. प्रुफाच्या पानावर नसलेली काही चिन्हं फाइलमध्ये नऊ ठिकाणी होती. कुठलीतरी जोडाक्षरं. काकांना ओळी म्हणून दाखवल्या. सात ठिकाणी ते चालीवर गेले आणि शब्द आपोआप तोंडात आला. दोन ठिकाणी आला नाही. ते थांबले, पुन्हा पहिल्यापासून म्हणून बघितलं, मग मान हलवली. तिथं काय बसेल याचे अंदाज मला करता येत होते, दोन-तीन शब्द चांगले बसतही होते. ते मी घातले नाहीत.

आता ती फाइल यूटीएफ-8 मध्ये आहे, वर तसं लिहिलेलं आहे, आणि खाली मी केलेला तक्ताही जोडलेला आहे. काकांच्या फोनवर पाठवली तेव्हा त्यांनी चष्मा लावून अंगठ्यानं वर सरकवत सगळी वाचली. मध्येच थांबले.

“पोरी, इथं हे काळं प्रश्नचिन्ह कामून आलंय?”

“तिथं आजीचा शब्द होता, काका. मला वाचता आला नाही.”

“मग राहू दे,” ते म्हणाले, आणि पुढची ओवी वाचायला लागले.